बहुरूप्याशी बोलताना

२०१० च्या सुमारास मी तालुक्याच्या गावी संगणक शिकवत होते. तारेचे ब्रॉडबँड आमच्या गल्लीपर्यंत पोचले नव्हते, मोबाइलच्या दुकानांत मात्र यूएसबी डोंगल मिळू लागले होते. एका विद्यार्थिनीने जुन्या संगणकावर उबुंटू लिनक्स टाकले आणि नवेकोरे डोंगल लावले. इंटरनेट काही आले नाही. पडद्यावर आले ते सीडीचे चित्र. डोंगलमध्ये सीडी कुठून आली? उघडून पाहिली तर आत विंडोजसाठीची सेटअप फाइल. आम्ही डोंगल काढून दुसऱ्या पोर्टात लावले, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला; पुन्हा तीच सीडी. शेवटी मुलगी वैतागली. सीडीच्या चित्रावर राइट क्लिक करून तिने ‘इजेक्ट’ दाबले. सीडी गेली, डोंगलचा दिवा क्षणभर विझला, आणि थोड्याच वेळात नेटवर्कच्या यादीत ‘मोबाइल ब्रॉडबँड’ उगवले.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. काय झाले ते तिला कळले नव्हते आणि मलाही. ते कळून घेण्यात माझी पुढची काही वर्षे गेली. हे पुस्तक त्या शोधाचे फळ आहे. लिनक्सवर मोबाइल इंटरनेट कसे जोडावे हे तर त्यात आहेच, पण जोडताना आत कोण कोणाशी काय बोलते, हे सांगण्याकडे माझा जास्त ओढा आहे.

सीडीचे कोडे आधी सोडवते. डोंगल बनवणाऱ्यांपुढे एक अडचण होती: विंडोजला मोडेमचा ड्रायव्हर द्यायचा, पण सोबत वेगळी सीडी द्यायची नाही. म्हणून त्यांनी ड्रायव्हर डोंगलमध्येच साठवला. डोंगल लावले की ते ‘मी सीडी ड्राइव्ह आहे’ असे सांगते, विंडोज आतला ड्रायव्हर बसवते, आणि मग तो ड्रायव्हर डोंगलला संदेश पाठवतो की आता सोंग उतरव, मोडेम हो. लिनक्सच्या कर्नेलमध्ये अशा मोडेमचा ड्रायव्हर आधीपासून होता. त्याचे नाव ‘ऑप्शन’. बेल्जियममधल्या त्याच नावाच्या कंपनीच्या डेटा कार्डांवरून ते पडले, आणि पुढे इतर कितीतरी कंपन्यांचे मोडेम त्याच ड्रायव्हरवर चालले. गाडी अडली होती ती वेगळ्याच ठिकाणी. समोरचे उपकरण आपण मोडेम आहोत हे कबूलच करत नव्हते.

हा अडसर दूर केला ‘यूएसबी मोडस्विच’ने. योजुआ डीट्स यांचा हा छोटासा प्रोग्रॅम, आणि त्याच्यासोबत कोणत्या डोंगलला कोणता संदेश द्यायचा याची, अनेकांनी भर घालून वाढवलेली यादी. या संदेशांपैकी बऱ्याच संदेशांची सुरुवात ५५, ५३, ४२, ४३ अशा चार बाइट्सनी होते. मला हे आकडे पुष्कळ दिवस मंत्रासारखे गूढ वाटत. मग एकदा आस्की तक्त्यात शोधले, तर ती नुसती चार अक्षरे निघाली: यू, एस, बी, सी. बहुतेक यूएसबी साठवण-उपकरणांना आज्ञा देताना सुरुवातीला हीच खूण असते. म्हणजे गुप्त असे काहीच नव्हते. डोंगल सीडी असल्याचे सांगत होते, म्हणून त्याच्याशी सीडीच्याच भाषेत बोलायचे, एवढेच. माझ्या विद्यार्थिनीने ‘इजेक्ट’ दाबून नेमके तेच केले होते.

पूर्वी सुगीनंतर गावात बहुरूपी यायचे. आज पोलीस, उद्या आणखी कोणी. दारात उभ्या राहिलेल्या ‘पोलिसा’ला आजी आत बोलवायची, पाणी द्यायची, आणि मग विचारायची, “कोणत्या गावचा रे तू?” सोंगाचा मान राखायचा आणि सोंगामागचा माणूसही ओळखायचा, हे तिला साधले होते. मोबाइल मोडेम हा असाच बहुरूपी आहे. या विषयात शिरणाऱ्याला तीच आजीची नजर लागते.

त्याचे सर्वांत जुने सोंग टेलिफोन मोडेमचे. १९८१ साली अमेरिकेत हेज कंपनीने ‘स्मार्टमोडेम’ काढला, सेकंदाला ३०० बिट्स वेगाचा. त्याच्याशी बोलायची रीत अशी की प्रत्येक आज्ञेआधी ‘एटी’ म्हणायचे. ‘अटेन्शन’ची ही पहिली दोन अक्षरे, आपल्याकडच्या ‘सावधान’सारखी. बाकीच्या कंपन्यांनी हीच रीत उचलली. पुढे जीएसएमचे मानक ठरवणाऱ्यांनीही मोबाइलसाठी हीच आज्ञावली घेतली आणि वाढवली. आज ती मोबाइलची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या २७.००७ या क्रमांकाच्या दस्तऐवजात आहे. म्हणून आजच्या बहुतेक ४जी मोडेमलाही ‘एटी’ म्हटले की तो ‘ओके’ म्हणतो. आणि लिनक्समध्ये तो ज्या फाइलमागे उभा असतो तिच्या नावातले ‘टीटीवाय’ तर मोडेमहूनही जुने, टेलिटाइप यंत्रांच्या काळातले आहे.

या सोंगाचा सर्वांत सुंदर भाग म्हणजे नंबर फिरवणे. जोडणीसाठी मोडेमला *९९# हा नंबर लावायला सांगतात. हा नंबर कोणाचा? कोणाचाच नाही. कुठेही घंटी वाजत नाही. ‘डेटा सुरू कर’ ही सूचना डायलिंगच्या जुन्या कपड्यांत गुंडाळून दिलेली असते. (सीडीएमए डोंगलवर त्याऐवजी #७७७ असे.) मोडेम ‘कनेक्ट’ म्हणतो, आणि संगणकावरचा पीपीपी प्रोग्रॅम कामाला लागतो. पीपीपी म्हणजे तारेच्या दोन टोकांना असलेल्या दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याचा प्रोटोकॉल. त्याचे आजचे रूप जुलै १९९४ मधल्या आरएफसी १६६१ मध्ये लिहिलेले आहे. आधी जोडणीच्या अटी ठरतात, मग लागल्यास नाव आणि पासवर्ड, मग आयपी पत्ता. दूरच्या एक्स्चेंजमध्ये आपल्याला कोणीतरी उत्तर देत आहे, अशी संगणकाची समजूत असते. खरे तर जीपीआरएस आणि ३जीमध्ये ती उत्तरे हाताच्या अंतरावरचे डोंगलच देत असते. पीपीपी हवेत जातच नाही. टॉवरशी डोंगल स्वतःच्या वेगळ्या भाषेत बोलते, तिथून मिळालेला पत्ता घेते आणि पीपीपीच्या वेष्टनात घालून संगणकाच्या हाती ठेवते.

मी इथे मुद्दाम रेंगाळले आहे. हे एकदा समजले की निम्म्या तक्रारींचे मूळ कुठे शोधायचे ते आपोआप कळते. नाव-पासवर्डच्या रकान्यात काहीही भरले तरी पुष्कळदा का चालते? कारण विचारणारे डोंगल असते आणि कंपनीला त्या शब्दांशी सहसा कर्तव्य नसते. तुमची ओळख सिमकार्डाने आधीच पटवलेली असते. मग ‘कनेक्ट’ येऊनही लगेच जोडणी का तुटते? अशा वेळी पीपीपीच्या सेटिंगशी झटापट करण्याआधी एपीएन तपासावा. एपीएन म्हणजे मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटकडे उघडणाऱ्या दाराचे नाव. बीएसएनएलचे ‘बीएसएनएलनेट’, जिओचे ‘जिओनेट’, अशी ही नावे. रोमन लिपीतले एक अक्षर चुकले तरी दार उघडेलच असे नाही. जगभरच्या कंपन्यांच्या एपीएनची एक खुली यादी ग्नोम प्रकल्पात सांभाळली जाते. लिनक्सवर जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्क मॅनेजर या प्रोग्रॅममध्ये देश आणि कंपनी निवडताना आपल्यासमोर जी नावे येतात ती तिथली.

डायलिंगच्या काळातले एक साधन मला फार प्रिय आहे. पीपीपीसोबत येणारा ‘चॅट’ हा प्रोग्रॅम. त्याला द्यायच्या मजकुरात शब्दांच्या जोड्या असतात: आधी काय ऐकू यायला हवे, आणि ते ऐकल्यावर काय बोलायचे. ‘ओके’ ऐकलेस की एपीएन सांग. पुन्हा ‘ओके’ ऐकलेस की नंबर लाव. ‘नो कॅरियर’ ऐकलेस तर सगळे सोडून परत ये. इतका सरळ संवाद की प्रोग्रॅमिंग न शिकलेला मुलगाही तो वाचू शकतो. मी वर्गात दोन मुलांना उभे करून हा मजकूर नाटकासारखा म्हणून घेत असे, एक संगणक आणि एक मोडेम. डायलिंगचा विषय त्यानंतर फळ्यावर शिकवावा लागला नाही.

पुढे वेग वाढला तशी ही टेलिफोनी चाल तोकडी पडू लागली. मग मोडेमने नेटवर्क कार्डाचे सोंग घेतले. काही डोंगल स्वतःच छोटे राउटर झाले. संगणकाला ती साध्या इथरनेट कार्डासारखी दिसतात, आणि त्यांची सेटिंग ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ सारख्या पत्त्यावर उघडतात. मोबाइल केबलने जोडून ‘टेदरिंग’ सुरू केले की तोही हेच करतो, म्हणून लिनक्सवर बहुतेक वेळा काहीही न करता नेट चालू होते. दुसरीकडे मोडेमला आज्ञा देण्याच्या नव्या भाषा आल्या: क्वालकॉमची क्यूएमआय, आणि यूएसबीची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये आणलेली एमबीआयएम. नॉर्वेच्या ब्योर्न मोर्क यांनी २०१२ मध्ये क्यूएमआयचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आणला. वरच्या मजल्यावर ‘मोडेम मॅनेजर’ आहे. डॅन विल्यम्स यांनी सुरू केलेला आणि पुढे अलेक्सांडर मोर्गादो यांनी वर्षानुवर्षे जोपासलेला हा प्रकल्प प्रत्येक मोडेमची भाषा ओळखतो आणि नेटवर्क मॅनेजरला एकाच भाषेत निरोप देतो. सुरुवातीला तो दिसेल त्या सिरियल पोर्टला ‘एटी’ विचारायचा, आणि अर्डुइनोवर काम करणाऱ्यांचे बोर्ड त्यामुळे गोंधळायचे. आता तो पुष्कळ सावध झाला आहे.

रोजच्या वापरासाठी नेटवर्क मॅनेजरच वापरावा, यात मला शंका नाही. पण शिकायचे असेल तर एकदा तरी तो बाजूला ठेवावा, मोडेम मॅनेजर थांबवावा, मिनीकॉम हा टर्मिनल प्रोग्रॅम उघडावा आणि मोडेमशी स्वतःच्या बोटांनी बोलावे. उदाहरणार्थ रेंज. आपण रेंजसाठी गच्चीवर जातो, खिडकीत हात बाहेर काढतो आणि पडद्यावरच्या दांड्या मोजतो. मोडेमला ‘एटी+सीएसक्यू’ विचारले तर तो ० ते ३१ मधला आकडा देतो. ९९ म्हणजे मोजता आले नाही. ० म्हणजे उणे ११३ डीबीएम किंवा त्याहून क्षीण, ३१ म्हणजे उणे ५१ किंवा त्याहून तगडी, आणि मधली प्रत्येक पायरी दोन डीबीची. १० आले तर उणे ९३. आता यूएसबीची लांब वायर घेऊन डोंगल संगणकापासून खिडकीपर्यंत न्यावे आणि वाटेत दर हातावर आकडा लिहावा. घराच्या भिंती रेडिओलहरींना कशा दिसतात, याचा नकाशा अर्ध्या तासात कागदावर उतरतो.

या अभ्यासाला एक कुंपण आहे आणि ते आधीच दाखवलेले बरे. लिनक्स खुले आहे, ड्रायव्हर खुले आहेत, पण मोडेमच्या आतले, टॉवरशी बोलणारे फर्मवेअर बहुतेक ठिकाणी बंद आहे. आपण दारापर्यंत जाऊ शकतो, माजघरात नाही. काही नव्या लॅपटॉपांतल्या मोडेमना तर निर्मात्याच्या सॉफ्टवेअरने विशिष्ट खूण पटवेपर्यंत रेडिओ सुरूच करता येत नाही, आणि मोडेम मॅनेजरच्या मंडळींना त्यासाठी वेगळी सोय करावी लागली आहे. मला हे मनापासून खटकते. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूने आपल्याच संगणकाशी बोलायला परवानगी मागावी, हे बरोबर नाही.

आणखी एक अपेक्षा इथेच सोडून द्यावी. घरच्या संगणकावर वेबसाइट ठेवून ती मोबाइल जोडणीवरून जगाला दाखवण्याची कल्पना अनेकांना सुचते. मिळालेला पत्ता १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या जोडीने सुरू होत असेल, तर ते होणार नाही. दुसरी पट्टी २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने खास कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखली आहे. तो पत्ता म्हणजे मोठ्या चाळीतला खोली क्रमांक. बाहेरच्या पोस्टमनला त्याचा उपयोग नाही. आयपीव्ही६ ने वाट थोडी मोकळी होते. ते कसे, हे शेवटच्या प्रकरणात आहे.

शब्दांविषयी थोडे. ड्रायव्हरला ‘चालक’ आणि प्रोटोकॉलला ‘शिष्टाचार’ म्हणून मी पाहिले, आणि वर्गात कोणीच तसे म्हणत नाही हेही पाहिले. म्हणून दुकानात आणि वर्गात चालणारेच शब्द ठेवले आहेत.

आता तयारी. खणात पडलेले जुने डोंगल शिकायला उत्तम. मात्र जिओचे सिम ३जी डोंगलमध्ये चालणार नाही, कारण जिओने ३जी जाळे कधी उभारलेच नाही. सिमला पिन असेल तर अंदाजाने टाकू नका. तीन चुकांनंतर सिम उघडायचा पीयूके क्रमांक लागतो, आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचे जाते. नेटपॅक मोजका असेल तर नेटवर्क मॅनेजरमध्ये ती जोडणी ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवा. डेस्कटॉपचे अपडेटर बहुधा ती नोंद पाहूनच हात आवरतात.

सिम नसले तरी अडत नाही. डोंगल लावण्याआधी आणि नंतर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा चालवा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. हुआवेचे डोंगल असेल तर नव्या ओळीत १२डी१ हा आकडा दिसेल, झेडटीईचे असेल तर १९डी२. त्यापुढचा आकडा सोंगानुसार बदलतो. हुआवेच्या कित्येक डोंगलांत १४४६ जाऊन १००१ आले की सीडीचे सोंग उतरले असे समजावे. मग मिनीकॉममध्ये ‘एटी’ लिहून एंटर दाबा. पाठोपाठ ‘एटी+सीएमईई=१’, म्हणजे मोडेम चूक सांगताना तिचा क्रमांकही सांगेल. आणि मग ‘एटी+सीपिन?’ विचारा. उत्तरात त्रुटी १० आली तर मोडेम सांगतो आहे की सिम बसवलेले नाही. पहिले प्रकरण तिथून सुरू होते.