पानशेतचा पूर आणि पाण्याचा रेटा

१२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्याच्या धरणाला पेलला नाही. तेही फुटले आणि मुठा पुण्याच्या पेठांत शिरली. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून पानशेत तगवले, म्हणून निदान दिवसाउजेडी पळता तरी आले.

वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की दर सेकंदाला दुप्पट पाणी अंगावर येते, तेही दुप्पट वेगाने. रेटा चौपट! म्हणून गुडघाभर पाणीही माणसाला पाडते.

आज नदीकाठी निळी पूररेषा २५ वर्षांतून, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. हे ‘एकदा’ फसवे आहे. ती सरासरी आहे. असा पूर लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो. आणि धरणफुटी तर या हिशेबात धरलेलीच नसते.