पाण्याचा भोवरा, डोक्याचा भोवरा

बडोदे संस्थानाने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध केला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांशेजारी मराठी, गुजराती आदी भाषांतील प्रतिशब्द मांडणारा हा कोश. शब्दाशेजारी शब्द ठेवून पाहण्याची ती रीत कारभाराबाहेरही उपयोगी पडते.

इंग्रजीतील ‘व्हॉर्टेक्स’ हा शब्द लॅटिनमधून आला. ग्रह सूक्ष्म द्रव्याच्या भोवऱ्यांत फिरतात, असे देकार्तने १६४४ साली मांडले. न्यूटनने १६८७ साली त्या मताचे खंडन केले. शब्द मात्र शास्त्रात टिकला. त्याचा मूळ धातू ‘वळणे’ या अर्थाचा, संस्कृत ‘वृत्’चा सगोत्र. ‘आवर्त’ हा त्याच कुळातला.

मराठी ‘भोवरा’ मात्र ‘भ्रम्’पासून निघालेला. तरी नवल असे, की लॅटिनमध्ये पाण्याचा भोवरा आणि डोक्याचा माथा यांना एकच शब्द होता. आणि मराठी आईही बाळाच्या माथ्यावरील केसांच्या वळणाला भोवराच म्हणते. कुळे निराळी, पण दृष्टी एकच! परिभाषा घडविणाऱ्याने म्हणूनच कोश उघडण्यापूर्वी पुरातली विश्वामित्री आणि मांडीवरचे मूल पाहावे. पुष्कळदा शब्द तेथे आधीच तयार असतो.