गो (इंग्रजी क्रियापद)

'गो' हे इंग्रजी भाषेतील अत्यंत वापरातले क्रियापद असून 'जाणे' हा त्याचा मूळ व मुख्य अर्थ आहे. त्याची 'गो – वेंट – गॉन' ही तीन रूपे शाळेत पाठ करून घेतली जातात. परंतु मधले रूप इतके वेगळे का, याचा खुलासा पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो.

व्युत्पत्ती

प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचे रूप 'गान' असे होते. जर्मन 'गेहेन' आणि डच 'गान' ही त्याची सख्खी भावंडे होत. त्या काळी 'गान'चा भूतकाळही 'वेंट' नव्हता. तो 'एओदे' असा होता, म्हणजे तोही निराळ्याच धातूपासून आलेला. पुढे 'एओदे' मागे पडले आणि त्याची जागा 'वेंड' या दुसऱ्या क्रियापदाच्या भूतकाळाने घेतली. 'वेंड' म्हणजे वळणे, वाट धरणे. 'सेंड'चे 'सेंट' आणि 'स्पेंड'चे 'स्पेंट' होते, तसेच 'वेंड'चे 'वेंट' झाले. पंधराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडमध्ये हा बदल स्थिरावला. आपले रूप असे परक्या घरी गेल्यामुळे 'वेंड'ला 'वेंडेड' हा नवा भूतकाळ घ्यावा लागला. स्कॉट भाषेत मात्र 'गो'वरूनच बनलेले 'गेड' हे रूप प्रचारात राहिले. 'गॉन' हे तिसरे रूप मूळ धातूचेच आहे.

'गो' आणि संस्कृत 'गम्' एकच, असे विधान उत्साहाने पुष्कळदा केले जाते. ते बरोबर नाही. मूळ इंडो-युरोपीय भाषेतील 'ग' हा वर्ण जर्मानिक शाखेत 'क' होतो. संस्कृतातील 'गो' (गाय) इंग्रजीत 'काऊ' झाला तो याच नियमाने. त्यानुसार 'गम्'चा इंग्रजी सोयरा 'गो' नसून 'कम', म्हणजे 'येणे', हा आहे. लॅटिनमधील 'वेनिरे' (येणे) हेही त्याच कुळातले. 'गो'चा संबंध संस्कृतातील 'हा' या धातूशी, म्हणजे 'जिहीते' (जातो) या रूपाशी, जोडला जातो. ध्वनिसाम्यावरून नाते ठरवू नये, याचे इतके सोपे उदाहरण दुसरे सापडणे कठीण. 'गँग' हा शब्दही दिसायला जवळचा. पण तो 'पाऊल टाकणे' या अर्थाच्या निराळ्या धातूचा असून त्याचे नाते संस्कृत 'जङ्घा' या शब्दाशी सांगतात.

मराठीशी साम्य

मराठी विद्यार्थ्याला 'वेंट' विचित्र वाटते, कारण स्वतःच्या भाषेतील तीच गोष्ट त्याच्या लक्षात आलेली नसते. 'जातो' हे संस्कृत 'या' (याति) धातूपासून आले आहे, तर 'गेला' हे 'गत' या शब्दापासून प्राकृतमार्गे आले. एका क्रियापदात दोन धातूंनी संसार मांडण्याचा हा प्रकार भाषाशास्त्रात 'सप्लिशन' म्हणून ओळखला जातो. लहान इंग्रज मुले काही काळ 'गोड' (गो + एड) असे नियमित रूप बनवून बोलतात. आपल्याकडची मुले 'केला'ऐवजी 'करला' म्हणतात, तसेच हे. 'या' आणि लुप्त झालेले 'एओदे' ही दोन्ही एकाच मूळ धातूकडे जात असावीत, असेही मानले जाते.

अर्थ

जुन्या इंग्रजीत 'गो'चा 'पायी चालणे' असा, घोड्यावरून जाण्याच्या विरुद्ध, एक नेमका अर्थ होता. आज तो जवळपास नाहीसा झाला आहे. शर्यतीच्या छोट्या गाडीला आज 'गो-कार्ट' म्हणतात. तिचे नाव पूर्वी चालायला शिकणाऱ्या मुलाच्या पांगुळगाड्याचे होते, आणि त्यात हा अर्थ शिल्लक राहिला आहे. 'अगो' (पूर्वी) या शब्दातही 'निघून गेलेला' काळ दडलेला आहे.

पुढे स्थित्यंतराचे अर्थ आले : दूध 'गो'ज बॅड' म्हणजे नासते, माणूस 'गो'ज मॅड' म्हणजे वेडा होतो. येथे 'जाणे' असे भाषांतर केल्यास वाक्य बिघडते. यंत्र चालणे, रंग एकमेकांना शोभणे, वस्तू संपणे हेही अर्थ याच शब्दाला आहेत. 'गॉन' म्हणजे मरण पावलेला. मराठीतही 'ते गेले' एवढ्यावर भागते. म्हणूनच निरोप घेताना आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. हा संकेत इंग्रजीत नाही. तेथे निघताना 'गो' म्हणण्यात काहीच अशुभ नाही आणि 'येतो'चे शब्दशः भाषांतर केल्यास ऐकणारा गोंधळतो.

'गोइंग टू' या रचनेचा प्रवास सर्वांत रोचक आहे. एखादे काम करण्यासाठी प्रत्यक्ष निघणे, हा तिचा आरंभीचा अर्थ. निघालेल्या माणसाचे काम पुढे व्हायचे असते, म्हणून हळूहळू हालचाल गळून केवळ भविष्यकाळ उरला. त्यामुळे 'इट इज गोइंग टू रेन' या वाक्यात कोणीही कोठेही जात नाही. पाऊस येणार, एवढेच त्यातून कळते. बोलण्यात याचे 'गॉना' झाले आहे, पण 'मी बाजारात जात आहे' अशा खऱ्या प्रवासाच्या वाक्यात 'गॉना' चालत नाही. मराठीने 'जाणे'ला दुसरे काम दिले : 'केले जाते', 'सांगितले जाते' अशा कर्मणी रचना त्याच्या आधारे होतात.