पाण्याला हरवणारा डिंक लेझरला का नडतो?



लेझर कटिंगचं छोटं काम सुरू केलेले बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "दादा, दुकानातला सगळ्यात महागडा वॉटरप्रूफ प्लाय आणला, तरी लेझर आरपार जात नाही. मशीन बिघडलंय का?" मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. खरी गोम असते प्लायच्या थरांमधल्या डिंकात. तो डिंक इतका हट्टी का झाला, हे समजून घ्यायला थोडं मागे जाऊ या.

लाकडाचे पातळ थर एकावर एक आडवे-उभे ठेवायची युक्ती फार जुनी. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या पायऱ्यांच्या पिरॅमिडमध्ये सहा थरांच्या शवपेटीचे अवशेष सापडले. ते काम साडेचार हजार वर्षांपूर्वीचं, आणि थर धरून ठेवले होते लाकडी खुंट्यांनी. पुढे शतकानुशतकं सुतारांचा भरवसा होता सरसावर, म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेल्या डिंकावर. सरस पकडतो घट्ट, पण ओल लागली की सुटतो.

1905 साली अमेरिकेत पोर्टलंडच्या प्रदर्शनात तिथल्या एका कारखान्याने प्लायवूडचे तक्ते मांडले. डिंक प्राण्यांपासूनचाच, ब्रशने हाताने फासलेला. पहिल्या महायुद्धातल्या विमानांसाठी दुधातल्या केसिनचा आणि कत्तलखान्यातल्या रक्ताचा डिंक वापरात आला. सरसापेक्षा बरा, पण दमट हवेत त्याला बुरशी लागायची. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो हे लाकडी विमानही आधी केसिनवरच जोडलं जायचं. नंतर त्याची जागा युरिया फॉर्मल्डिहाइड या कृत्रिम डिंकाने घेतली.

याआधी, 1907 मध्ये लिओ बेकलंड यांनी फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बेकलाइट बनवलं होतं. 1934 मध्ये अमेरिकेतल्या हार्बर प्लायवूड कंपनीच्या जेम्स नेव्हिन यांनी पूर्ण जलरोधक डिंक तयार केला आणि प्लाय घराबाहेर, अगदी बोटींवरही जाऊन पोचला. आपल्याकडच्या शिक्क्यांमागे हाच इतिहास आहे. आयएस 303 मध्ये एमआर म्हणजे फक्त ओल सोसणारा प्लाय, त्यात बहुधा युरियाचा डिंक. बीडब्ल्यूआर त्याच्या वरचा. आणि आयएस 710 म्हणजे मरीन प्लाय. त्याचा डिंक 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो.

म्हणजे बघा, या सगळ्या प्रवासात शत्रू एकच होता: पाणी. उष्णतेच्या किरणाचा विचार कोणी कशाला करेल?

तो किरण आला 1964 मध्ये. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याचं! आज गल्लीबोळातल्या दुकानांत लाकूड कापणारी बहुतेक मशिन्स याच लेझरवर चालतात. त्याचा साधारण 10.6 मायक्रॉनचा अदृश्य प्रकाश लाकूड झटकन शोषून घेतं आणि तेवढ्या जागी त्याची वाफ आणि धूर होतो.

फिनॉलचा डिंक मात्र तसा उडून जात नाही. तापला की त्याचा कडक कोळसा होतो आणि तो कोळसा खालच्या थराला झाकतो. याच जातीचं रेझिन नासाच्या स्टारडस्ट यानाच्या उष्णतारोधक कवचात होतं. आता विचार करा, मरीन प्लायच्या प्रत्येक सांध्यात आपण लेझरसमोर असंच एक कवच उभं करतोय! मग आपण पॉवर वाढवतो, कडा काळ्या पडतात, कधी चक्क पेट घेतात. शिवाय मरीन प्लायला वाळवी-बुरशीविरुद्ध रसायनं दिलेली असतात. त्यांचा धूर वेगळाच.

मग घ्यायचं काय? लेझरसाठी घरातल्या वापराचा, युरिया डिंकाचा, 3 मिलिमीटरचा बर्च किंवा पॉप्लर प्लाय मागा. कड बघा. थरांमध्ये गडद तपकिरी रेघा दिसल्या तर तो बहुधा फिनॉलचा. पण फिकट रेघेवरच विसंबू नका, मेलामाइनचा डिंकही फिकटच असतो, ग्रेड विचारा. आतल्या थरात पोकळी, गाठी, पुट्टी असेल तर किरण तिथेच अडखळतो. म्हणून जास्त माल उचलण्याआधी एक तक्ता घ्या आणि चार-पाच ठिकाणी छोटे चौकोन कापून बघा. पीव्हीसी चिकटवलेला बोर्ड तर मशीनमध्ये घालूच नका, त्यातून निघणारा आम्लाचा वायू फुप्फुसं आणि मशीन दोन्ही खातो.

युरियाचा डिंक सोपा कापला जातो, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. जळताना त्यातून फॉर्मल्डिहाइड निघतो आणि 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तो माणसात कॅन्सर घडवणारा म्हणून नोंदवलाय. धूर खोलीबाहेर नेणारा पंखा हवाच. आणि मशीन चालू असताना चहाला जायचं नाही.

आणि हो, हा प्लाय पावसाचा नाही. कोकणातल्या अंगणात लावायची पाटी त्यावर कापलीत, तर एका पावसाळ्यात थर सुटायला लागतील. तिथे मरीनच हवा, पण तो करवतीने कापा. महाग प्लाय म्हणजे चांगला प्लाय असं सरसकट नसतं. तो कशाशी लढायला बनवलाय, एवढं दुकानदाराला विचारा आणि मगच पैसे द्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!