ओवीतला, पडद्यावरचा आणि कादंबरीतला येशू: कल्पनेला मोकळीक कुठपर्यंत?

येशू ख्रिस्ताचं चरित्र बायबलमधल्या चार शुभवर्तमानांत येतं. पण त्या चरित्रात मोठी पोकळी आहे. बाराव्या वर्षी जेरुसलेमच्या मंदिरात दिसलेला मुलगा नंतर थेट तिशीच्या आसपास भेटतो. तो दिसायला कसा होता, हेही कुठे लिहिलेलं नाही. ही रिकामी जागा कवी, कादंबरीकार आणि दिग्दर्शक आपापल्या कल्पनेनं भरत आले आहेत. मराठीत हे काम ४०० वर्षांपूर्वीच सुरू झालं.

मराठीत येशूची गोष्ट पहिल्यांदा कोणी रचली?

थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर (राशोल) इथे छापलं गेलं. जवळपास ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे, पण छापला होता रोमन लिपीत.

नव्यानं ख्रिस्ती झालेल्या गोव्यातल्या लोकांना पुराणं ऐकायची सवय होती. म्हणून स्टीफन्स यांनी त्यांच्याच ओळखीचा साचा निवडला. परंपरेनुसार मराठीचे आद्यकवी मानले जाणारे मुकुंदराज, ज्यांची समाधी बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत आहे, त्यांनी 'विवेकसिंधू' ओवीतच लिहिला. पुढे ज्ञानेश्वर आणि एकनाथांनीही ओवीच वापरली. स्टीफन्स यांच्या ग्रंथात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं आहे. कथा बायबलची, घाट मात्र मराठी पुराणाचा.

१६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेनं स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. सतराव्या शतकातल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांमुळे ग्रंथ टिकला आणि १९०७ मध्ये मंगळूरहून पुन्हा छापला गेला.

'ख्रिस्तायन' काय आहे?

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. येशूचं चरित्र मराठी महाकाव्यात मांडायला त्यांनी सुरुवात केली, पण १९१९ मध्ये त्यांचं निधन झालं आणि काव्य अर्धवट राहिलं. त्यातला बहुतेक भाग पुढे 'स्मृतिचित्रे'कार लक्ष्मीबाई टिळक यांनी लिहिला. 'ख्रिस्तायन' १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. नावातच रामायणाचा प्रतिध्वनी आहे.

फाळक्यांचा येशूशी काय संबंध?

१९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त सरकत असताना आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असं त्यांनी पुढे स्वतः लिहिलं. त्यातून 'राजा हरिश्चंद्र' घडला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्याच वर्षी ब्रिटनच्या नव्या सेन्सॉर मंडळानं येशूची व्यक्तिरेखा पडद्यावर दाखवायला मनाई करणारा नियम केला होता. १९५९ च्या 'बेन-हर'मध्येही येशूचा चेहरा दिसत नाही.

भारतात १९७८ मध्ये 'करुणामयुडू' हा तेलुगू चित्रपट आला. विजयचंदर यांनी त्यात येशूची भूमिका केली. 'दयासागर' या नावानं तो हिंदीत आला आणि फिरत्या पडद्यांवरून गावोगाव दाखवला गेला.

मग वाद कधी होतो?

स्टीफन्स आणि टिळक दांपत्यानं भाषा आणि घाट बदलला, कथेच्या गाभ्याला हात लावला नाही. विसाव्या शतकातल्या कादंबरीकारांनी येशूचं मन लिहायला घेतलं, तिथे वाद पेटला.

ग्रीक लेखक निकोस कझानझाकिस यांच्या 'द लास्ट टेम्प्टेशन' या कादंबरीत येशूला शंका येते, भीती वाटते आणि संसाराचा मोह होतो. व्हॅटिकननं ती निषिद्ध पुस्तकांच्या यादीत टाकली. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी तिच्यावर १९८८ मध्ये चित्रपट केला, तेव्हा पॅरिसमधलं एक थिएटर पेटवण्यात आलं.

डॅन ब्राऊन यांची 'द दा विंची कोड' (२००३) ही कादंबरी येशूचं लग्न मेरी मॅग्डालीनशी झालं होतं, या कल्पनेवर उभी आहे. तिच्यावरचा चित्रपट २००६ मध्ये भारतात आला, तेव्हा सेन्सॉर मंडळानं 'ए' प्रमाणपत्र दिलं आणि 'ही काल्पनिक कथा आहे' अशी सूचना दाखवायला सांगितलं. तरीही गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली.

कल्पना आणि दावा यांत फरक काय?

कझानझाकिस यांनी कादंबरी लिहिली आणि तिला कादंबरीच म्हटलं. याउलट निकोलस नोटोविच यांनी १८९४ मध्ये, तरुणपणी येशू भारतात आला होता, असं सांगणारं पुस्तक काढलं. लडाखच्या हेमिस मठात आपल्याला त्याचं हस्तलिखित सापडलं, असा त्यांचा दावा होता. मठाच्या प्रमुखांनी असं हस्तलिखित असल्याचं नाकारलं आणि मॅक्सम्युलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दावा खोडून काढला. तरी ती गोष्ट आजही 'लपवलेलं सत्य' म्हणून सांगितली जाते.

श्रद्धेला धक्का लागला म्हणून कादंबरी खोटी ठरत नाही, कारण तिनं खरं असल्याचं म्हटलेलंच नसतं. नोटोविच यांनी मात्र आपली गोष्ट इतिहास म्हणून विकली. म्हणून येशूबद्दल नवं काही वाचताना किंवा पाहताना आधी हे तपासायला हवं, की सांगणारा त्याला कथा म्हणतो आहे की पुरावा.