शिकविणारांचें शिक्षण

ज्या विषयावर आज मला बोलावयाचें आहे, त्यावर बोलण्याचा अधिकार माझ्यापाशीं फारसा नाहीं. मी मॅट्रिक झालेला, पुढें शिक्षकाची पदविका घेतलेला आणि पस्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत खडू झिजविलेला मनुष्य आहें. वैद्य नव्हे, मानसशास्त्रज्ञ नव्हे. तथापि एका मुलाचें देणें माझ्या अंगावर राहिलें आहे, आणि तें कां राहिलें ह्याचा शोध घेतां घेतां मी दोनशें वर्षांमागच्या इतिहासांत जाऊन पोहोंचलों. तो इतिहास आपल्यापुढें थोडक्यांत ठेवतों.

नोकरीच्या आरंभीं एका खेड्यांतील शाळेंत माझ्या वर्गांत सात वर्षांचा एक मुलगा होता. हजेरीच्या वेळीं त्याचें नांव पुकारलें तरी तो मान वर करीत नसे. कानाशीं जाऊन हांक मारावी, तरी तीच स्थिति. परंतु वर्गाच्या दुसऱ्या टोंकाला कोणीं डब्याचें झांकण उघडलें, कीं हा तत्काळ वळून पाही. मीं निदान केलें, कीं ह्याला ऐकूं येतें, पण ऐकावयाचें नाहीं. पोर हट्टी आहे. हट्टी पोरांना त्या काळीं शिक्षक जें देत, तें मींहि त्याला दिलें. दुपारीं त्याची आई त्याला नेण्यास येई. "नांव घेऊं नका गुरुजी, ताटलीवर बोटानें दोनदां वाजवा, तो येतो," असें तिनें मला एकदां सांगितलें होतें. शाळेंत ताटल्या वाजवीत बसण्यास वेळ नाहीं, अशा अर्थाचें कांहीं तरी मीं उत्तर दिलें. सहामाही परीक्षेनंतर त्याचें शाळेंत येणें बंद झालें, आणि खरें सांगावयाचें तर मला हायसें वाटलें.

ही हकीकत येथेंच ठेवून आपण फ्रान्स देशांत जाऊं. तेथें १८०० सालच्या जानेवारींत, दक्षिणेकडील आव्हेरों प्रांतांत, रानांत एकटाच वाढलेला सुमारें बारा वर्षांचा एक मुलगा लोकांच्या हातीं लागला. त्याला बोलतां येत नव्हतें. त्याच वर्षीं त्याला पॅरिस येथील मूकबधिरांच्या विद्यालयांत आणण्यांत आलें. मनोरुग्णांना माणुसकीनें वागवावें असें सांगणारा पिनेल हा त्या काळचा थोर वैद्य. त्यानें मुलाला तपासून मत दिलें, कीं हा मूढ आहे, ह्याच्या शिक्षणाची आशा धरण्यांत अर्थ नाहीं. विद्यालयांत नुकताच नेमलेला झां इतार नांवाचा सव्वीस वर्षांचा तरुण डॉक्टर होता. त्याला हें मत पटलें नाहीं. त्यानें मुलाला 'व्हिक्टर' हें नांव दिलें, पांच वर्षें त्याला शिकविलें, आणि १८०१ व १८०६ ह्या सालीं दोन अहवाल लिहिले.

पहिल्या अहवालांतील एक नोंद वाचली, तेव्हां मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलों. ह्या मुलामागें पिस्तुलाचा बार काढला तरी तो दचकत नसे. परंतु जवळपास कोणीं अक्रोड फोडला, तर तेवढ्या बारीक आवाजासरशीं तो वळून पाही. इतारनें त्यावरून ठरविलें, कीं ह्याचे कान शाबूत आहेत; कशाकडे लक्ष द्यावें हें मात्र त्याला शिकवावें लागेल. डब्याचें झांकण काय आणि अक्रोड काय, निरीक्षण एकच होतें. त्या तरुणानें त्यावरून शिक्षणाचा आरंभ केला. मीं छडी उचलली.

इतारच्या पाठांचें सविस्तर वर्णन करण्यास येथें अवकाश नाहीं. इंद्रियें एकेक करून जागीं करावीं, वस्तूंवरून आकृति व आकृतींवरून अक्षरें ओळखावयास शिकवावीं, असा त्याचा क्रम होता. 'दूध' ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दांत चार अक्षरें आहेत. तीं धातूचीं अक्षरें जुळवावयास त्यानें व्हिक्टरला शिकविलें. आठवड्याभरानें मुलगा एका ओळखीच्या घरीं निघाला, जेथें त्याला रोज दूध मिळे. जातांना कोणीं न सांगतां त्यानें तींच चार अक्षरें खिशांत घातलीं, आणि तेथें जाऊन टेबलावर ओळीनें मांडून दाखविलीं ! तोंडानें बोलणें मात्र त्याला अखेरपर्यंत साधलें नाहीं. इतार स्वतःला बहुतांशीं अपयशी समजत असे.

आतां मी ज्या व्यक्तीकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों, तिच्याकडे येतों. व्हिक्टरचे पाठ इतार घेई. पण त्याचें खाणें, न्हाणें, निजणें, हिंडणें, त्याचे राग आणि पळून जाण्याचे प्रयत्न, हें सर्व मादाम गेरां नांवाची एक बाई पाहत असे. विद्यालयानें तिला ह्याच कामावर नेमलें होतें. इतारनें तिच्याविषयीं गौरवाचे उद्गार काढले आहेत. परंतु अहवालांत तिचें नांव येतें तें एवढेंच, मादाम गेरां. व्हिक्टरच्या तोंडून जे थोडे ध्वनि निघत, ते कोठून आले पाहा. आनंदाच्या भरांत 'हे देवा' ह्या अर्थाचा एक फ्रेंच उद्गार त्याच्या तोंडून निसटे. तो त्यानें उचलला होता मादाम गेरांच्या बोलण्यांतून. दुसरा एक ध्वनि तो वारंवार काढी. तो तिच्या ज्यूली नांवाच्या मुलीच्या नांवाशीं जुळणारा असल्याचें इतारला आढळलें. ही ज्यूली दर रविवारीं आईकडे येई. हे दोन्ही ध्वनि त्यानें धड्यांतून घेतले नव्हते. घरांतून घेतले होते.

आणखी एक प्रसंग. जेवणाचें टेबल मांडण्याचें काम व्हिक्टर करी. मादाम गेरांचा नवरा आजारी पडला व कांहीं दिवसांनीं वारला. त्याच संध्याकाळीं व्हिक्टरनें नेहमींप्रमाणें त्याचेंहि ताट मांडलें. तें पाहून बाईला रडें आवरेना. आपल्याच कृतीनें हिला दुःख झालें हें त्या मुलाच्या ध्यानीं आलें. त्यानें तें ताट उचलून कपाटांत ठेवलें, आणि पुन्हां मांडलें नाहीं. ज्याला पॅरिसच्या विद्वानांनीं मूढ ठरविलें होतें, त्याची ही समजूत !

इतारचे पाठ थांबले, आणि तो मूकबधिरांच्या शिक्षणाकडे वळला. मादाम गेरां थांबली नाहीं. १८११ सालीं व्हिक्टर तिच्यासह विद्यालयाजवळच्याच एका लहानशा घरांत राहावयास गेला. सरकार तिला कांहीं वेतन देत असे. तेथें १८२८ सालीं व्हिक्टर मरण पावला. पांच वर्षें शिकविलें त्याचे दोन अहवाल आहेत. त्यापुढील कित्येक वर्षें जिनें सांभाळलें, तिनें काय काय पाहिलें असेल, हें तिला विचारावयास कोणी गेला नाहीं.

इतारचा शिष्य एदुआर सेगां. ह्या गृहस्थानें १८३७ सालीं वृद्ध इतारच्या मार्गदर्शनाखालीं एका मंदगति मुलाला शिकविण्यास आरंभ केला. पुढें पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळांतील मुलांचा वर्ग त्याच्याकडे आला. परंतु वरिष्ठांशीं पटेना म्हणून वर्षभरांतच त्याला तेथून काढण्यांत आलें. त्याचा मोठा ग्रंथ १८४६ सालीं निघाला. नंतर तो अमेरिकेस गेला, आणि १८६६ सालीं त्यानें इंग्रजींत दुसरा ग्रंथ लिहिला. स्नायूंपासून इंद्रियांकडे व इंद्रियांपासून विचाराकडे, ही त्याची वाट. मला त्याच्या लेखनांतील एक सूचना फार आवडते. मंदगति मुलांच्या शिक्षकानें आपला आवाज, आपली चाल, आपलें दिसणें ह्यांची निगा एखाद्या नटाप्रमाणें राखावी, असें त्याचें म्हणणें होतें. कारण थकलेलें, मिटलेलें मन जिंकावयाचें असतें. आम्हां मास्तरांचे बाहीवर खडू पुसलेले शर्ट त्यानें पाहिले असते तर काय म्हणाला असता कोण जाणे !

सेगांनें शिकविण्यासाठीं केलेल्या साधनांचें पुढें काय झालें, हेंहि सांगण्यासारखें आहे. लांकडी पाटावरच्या खांचांत त्या त्या आकाराचे ठोकळे बसविण्याचें त्याचें साधन आपल्याकडील चिकित्सालयांत आजहि दिसतें. परंतु बहुधा मूल किती सेकंदांत ठोकळे बसवितें हें घड्याळ लावून मोजण्यासाठीं. शिकविण्याचा पाट परीक्षेचा पाट झाला.

मारिया माँटेसोरी हें नांव आपल्याकडे बालशाळांच्या पाट्यांमुळें घरोघर पोहोंचलें आहे. तथापि तिच्या कार्याचा उगम मंदगति मुलांत आहे, हें थोड्यांना ठाऊक असतें. १८९६ सालीं रोम येथें डॉक्टर झाल्यावर ती मनोरुग्णांच्या चिकित्सालयांत काम करीत असे. त्या काळीं अशीं मुलें वेड्यांच्या इस्पितळांत कोंडलेलीं असत. अशाच एका खोलीवरील बाईनें तिच्याजवळ किळस व्यक्त केली, कीं जेवण होतांच हीं मुलें जमिनीवरचे पावाचे कण वेंचीत बसतात, असें सांगतात. माँटेसोरीनें खोलीभर दृष्टि फिरविली. हातांत घ्यावयाला तेथें दुसरी वस्तूच नव्हती.

१८९८ सालीं ट्यूरिन येथील शिक्षणपरिषदेंत तिनें प्रतिपादिलें, कीं ह्या मुलांचा प्रश्न औषधापेक्षां शिक्षणाचा अधिक आहे. १९०० सालीं रोम येथें ह्या कामासाठीं एक संस्था निघाली, डॉ. माँटेसानो व माँटेसोरी हीं तिचे संचालक. माझ्या दृष्टीनें ह्या सबंध इतिहासांतील हा महत्त्वाचा टप्पा होय, कारण ती संस्था मुख्यतः शिक्षक तयार करण्यासाठीं होती. पहिल्याच वर्गांत ६४ शिक्षक दाखल झाले. मज्जासंस्थेची रचना, मानसशास्त्र, मंदगतीचीं कारणें व लक्षणें, शिकविण्याच्या रीति, हे त्यांचे विषय. आणि शेजारींच खऱ्या मुलांचा वर्ग, म्हणजे सकाळीं ऐकलेलें दुपारीं पाहावयास मिळे. इतारपासून शंभर वर्षें लोटलीं होतीं. तोंवर ही विद्या एका गुरूकडून एका शिष्याकडे, एखाद्या घराण्याच्या गायकीसारखी, चालत आली होती. आतां तिची शाळा झाली. माँटेसोरी स्वतः सकाळीं आठपासून संध्याकाळीं सातपर्यंत मुलांत असे. कांहीं मुलें पुढें सर्वसामान्य मुलांच्या लेखन-वाचनाच्या परीक्षेंत उत्तीर्ण झालीं. लोक ह्याला चमत्कार म्हणूं लागले. तिला मात्र प्रश्न पडला, कीं मग निरोगी मुलें आमच्या शाळांतून इतकीं मागें कां राहतात ?

१९०१ सालीं ती संस्था सोडून ती पुन्हां अभ्यासास बसली, आणि इतार व सेगां ह्यांचे ग्रंथ तिनें स्वहस्तें इटालियन भाषेंत उतरवून काढले. बिसेत्र येथें तिला सेगांचीं साधनें दिसलीं, परंतु त्यांच्यामागची पद्धति दिसली नाहीं. शिकविणें यंत्रवत् चाललें होतें. मुलांना जागें करतें तें साहित्य नव्हे, त्यामागून हांक मारणारा शिक्षकाचा आवाज, असा तिचा अनुभव होता.

हीच माँटेसोरी १९३९ सालीं, वयाच्या ६९ व्या वर्षीं, मद्रासजवळ अड्यार येथें आली, आणि पहिल्याच शिक्षणवर्गाला सुमारें ३०० शिक्षक जमले. त्यापूर्वींच, १९२६ सालीं, गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक ह्यांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला होता. आणि १९४५ पासून ताराबाईंनीं बोर्डी येथें, पुढें कोसबाडच्या टेकडीवर, हें शिक्षण खेड्यांतील गरिबांच्या अंगणांत नेलें. हें कार्य थोर आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु मंदगति मुलांसाठीं निघालेला त्या पद्धतीचा मूळ भाग जणूं बोटीवरच राहिला. मी पदविका घेत होतों तेव्हां 'माँटेसोरी पद्धतीचीं वैशिष्ट्यें लिहा' असा पांच गुणांचा प्रश्न असे. मला त्यांत चार गुण मिळाले होते. ती पद्धति कोणासाठीं जन्मली, हें पाठ्यपुस्तकांत असल्याचें आठवत नाहीं.

आपल्याकडे आरंभ बहुधा पालकांनींच केला. मुंबईंत वकील नांवाच्या पारशी दांपत्यानें आपल्या मुलीसाठीं १९४४ सालीं शाळा काढली. जय वकील शाळा ती हीच. सरकारी व्यवस्था सावकाश आली. १९८४ सालीं सिकंदराबाद येथें राष्ट्रीय संस्था निघाली. १९९२ च्या कायद्यानें भारतीय पुनर्वास परिषदेकडे विशेष शिक्षकांच्या अभ्यासक्रमांवर देखरेख व त्यांची नोंदणी हीं कामें आलीं. २०१६ च्या कायद्यानें स्वमग्नता व बौद्धिक अक्षमता धरून २१ प्रकारच्या मुलामाणसांचे हक्क मान्य केले. तरी ह्या सर्व व्यवस्थेंत शिक्षण मिळतें तें शिक्षकाला. मादाम गेरांचें काय ? दिवसाचे सारे तास जी मुलाजवळ असते, तिला कोण शिकविणार, आणि तिला जें ठाऊक आहे तें कोण ऐकणार ?

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं अशा मुलांच्या पालकांसाठीं एक शिक्षणक्रम प्रसिद्ध केला. त्यांत नऊ सामुदायिक बैठका आणि तीन वेळां घरीं भेट, एवढेंच असतें. चालविणारा तज्ज्ञच असला पाहिजे असें नाहीं. खेळांतून आणि न्हाणें-जेवण ह्यांसारख्या नित्याच्या कामांतून मुलाशीं देवाणघेवाण कशी वाढवावी, हें तेथें पालकांना दाखवितात. सांभाळणारीनें स्वतःची प्रकृति व मन कसें सांभाळावें, ह्यालाहि त्यांत जागा ठेविली आहे. मादाम गेरां वारंवार आठवावी असा हा शिक्षणक्रम आहे.

गेल्या वर्षीं मी मुद्दाम त्या जुन्या गांवीं गेलों. मुलाची आई भेटली. आतां फार थकली आहे. मुलगा चाळिशी ओलांडलेला, अंगणांत शेंगा निवडीत बसला होता. शेंगा आणि खडे त्यानें इतके नीट वेगळे केले होते कीं मी पाहतच राहिलों. मीं त्याचें नांव घेऊन हांक मारली. त्यानें मान वर केली नाहीं. मग मीं तिच्याकडून ताटली मागून घेतली आणि बोटानें दोनदां वाजविली. तरीहि नाहीं.

"तसें नव्हे गुरुजी," ती जवळ येऊन बसत म्हणाली, "एकदां वाजवायचें, मग थोडें थांबायचें. तो ऐकतोय कीं नाहीं तें बघायचें. मग दुसऱ्यांदा."