चेंडूची मोजदाद आणि माणसाची पारख

जळगावच्या सराफ बाजाराचे नाव महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. या बाजारातला जुना सराफ सोन्याचा दागिना काळ्या दगडावर घाशी आणि उमटलेल्या रेघेच्या रंगावरून त्याचा कस सांगे. आज पेढ्यांवर यंत्रे आली आहेत. दागिना आत ठेवला की सोने किती शुद्ध आहे याचा आकडा समोर उमटतो. सराफाची नजर यामुळे निकामी झाली असे नाही. तिला आकड्याची जोड मिळाली, आणि गिऱ्हाइकाला जाब विचारण्याचे साधन मिळाले. मात्र दगडाच्या काळी जी गोष्ट खरी होती ती यंत्राच्या काळीही खरीच आहे. जे सोने पेढीवर येईल, त्याचाच कस लागतो.

क्रिकेटच्या सर्वांत मोठ्या सामन्याला आपण मराठीत ‘कसोटी’ म्हणतो. तेव्हा खेळाडूचा कस आजवर कोणी, कसा आणि कशावर लावला, याचा इतिहास पाहणे आपल्या भाषेला धरूनच आहे. या इतिहासाचे सर्वांत अलीकडचे प्रकरण अमेरिकेत घडले. ते आधी समजून घ्यावे आणि मग आपल्या घराकडे वळावे, असे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेत बेसबॉलचे जे मोठे व्यावसायिक संघ आहेत, त्या प्रत्येकाच्या हाताखाली उमेदवारांचे काही दुय्यम संघ असतात. अठरा-वीस वर्षांची मुले तेथे काही वर्षे उमेदवारी करतात; त्यांतली थोडीच वरपर्यंत पोचतात. चेंडू टाकणाऱ्या अशा मुलाची पारख पूर्वी दोन प्रकारे होई. एक, गावोगाव हिंडणाऱ्या जाणत्या पारख्याच्या नजरेने. दुसरी, सामन्यांच्या निकालावरून. दोहोंतही खोट होती. पारख्याला उंचापुरा, देखणा मुलगा हटकून आवडे. निकालाचे म्हणावे, तर त्यात समोरचा फलंदाज कच्चा की पक्का, मागचे क्षेत्ररक्षक चपळ की सुस्त, मैदान लहान की मोठे, अशा अनेक गोष्टींची भेसळ असे. मुलाचे स्वतःचे त्यात किती, हे निवडून काढणे कठीण होते.

२००६ सालापासून मोठ्या मैदानांवर कॅमेरे बसवून प्रत्येक चेंडूचा मार्ग टिपण्यास आरंभ झाला. पुढे रडार आले. रडारचे तत्त्व आपल्या भुसावळ जंक्शनवर उभे राहिलेल्या कोणालाही समजेल. न थांबता जाणारी गाडी शिटी देत जवळ येते तेव्हा शिटीचा सूर चढा लागतो, आणि गाडी पुढे निघून गेली की तोच सूर एकदम उतरतो. चेंडूवर आदळून परत येणाऱ्या लहरींत असाच फरक पडतो आणि त्यावरून वेग काढता येतो. हातातून सुटलेला चेंडू फलंदाजापाशी पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही. तेवढ्या अवकाशात त्याचा वेग किती, तो स्वतःभोवती मिनिटाला किती फेरे घेतो, हातातून किती उंचीवर सुटला आणि सरळ रेषेपासून किती वळला, हे सर्व नोंदले जाते. २०१५ पर्यंत सर्व प्रमुख मैदानांवर अशी व्यवस्था झाली आणि दुय्यम संघांच्या मैदानांवरही तिचा प्रसार होत गेला.

याचा लाभ उमेदवारांच्या बाबतीत विशेष. चेंडूचा वेग आणि फिरकी यांत फलंदाजाचा वाटा नाही. ती सर्वस्वी टाकणाऱ्याची मिळकत. शिवाय निकालावरून मत बनवायला एक-दोन हंगाम लागतात, तर चेंडूचा गुण थोड्याच चेंडूंत कळू लागतो. म्हणून ज्याचे निकाल साधारण पण चेंडू असाधारण, असा मुलगा आता डोळ्यांत भरू लागला. अर्थात या यंत्राला मुलाची चिकाटी मोजता येत नाही, आणि त्याचा खांदा पाच वर्षे टिकेल की नाही हेही सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, हा परक्या देशाचा श्रीमंती खेळ. आमचा त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो जुना आहे. आकड्याने नजरेची चूक दाखवून दिल्याचे मोठे उदाहरण आपल्या पुण्यातच घडले. पाळवणकर बाळू हे चांभार समाजातले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या युरोपियन क्लबात मैदानाची निगा राखण्याच्या चाकरीवर होते. सरावासाठी ते ग्रेग नावाच्या साहेबाला चेंडू टाकीत. आपल्याला बाद केल्याबद्दल हा साहेब बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. तिच्यात तथ्य असेल तर बळीमागे आठ आणे ही आपल्याकडील गोलंदाजीची पहिली रोकड मोजदादच म्हटली पाहिजे. हिंदूंच्या संघाने बाळूंना घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकता येत नव्हते. पण खेळाच्या मध्यंतरात चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून देण्यात येई. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो हिंदी संघ इंग्लंडला गेला, तो बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी मिळविले. धावफलकाच्या वहीत जात लिहिण्यास रकाना नव्हता. तीत फक्त बळी मांडले जात, आणि ते पुसून टाकणे कोणाच्या हाती नव्हते. तथापि वहीने सर्व काम केले असेही नाही. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्या घराण्यात आले ते १९२३ साली, बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे. स्वतः बाळूंच्या उमेदीच्या काळात ते त्यांस लाभले नाही. आकडा अन्याय उघडा पाडतो. तो दूर करण्यास माणसेच लागतात.

नजर किती फसते, याचे दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या श्रीलंकेचे. मुथय्या मुरलीधरन याने चेंडू फेकला, असे ठरवून १९९५ च्या डिसेंबरात मेलबर्न येथे पंचांनी त्याचे चेंडू वारंवार अवैध दिले. त्याच्या कोपराला जन्मतःच बाक होता. प्रयोगशाळेत अनेक कॅमेरे लावून त्याच्या हाताची हालचाल मोजली गेली. पुढे इतरांचेही हात मोजल्यावर असे आढळले की, ज्यांच्या शुद्ध शैलीची वाखाणणी होई त्यांचाही कोपर चेंडू टाकताना थोडा सरळ होतोच. फक्त डोळ्याला ते दिसत नव्हते. अखेर २००५ साली पंधरा अंशांची मर्यादा सर्वांना सारखी लागू झाली. मुरलीधरन २०१० साली निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर कसोटीत ८०० बळी होते. मोजणी झाली नसती तर एका मोठ्या गोलंदाजाची कारकीर्द केवळ संशयावर बुडाली असती.

२००१ साली लॉर्ड्सच्या मैदानावर चेंडूचा मार्ग रेखाटणारे ‘हॉक-आय’ हे यंत्र दूरचित्रवाणीवर प्रथम दिसले. आज ते घरोघरच्या प्रेक्षकांच्या परिचयाचे आहे. पण हे यंत्र जेथे मोठा सामना तेथे असते, आणि मोठ्या सामन्यात पोचलेल्या मुलाची निम्मी पारख आधीच झालेली असते. खरा प्रश्न त्याआधीचा आहे. मनमाडहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर श्रीरामपूर लागते. तेथला झहीर खान १९९६ च्या सुमारास मुंबईस गेला. तेथे सुधीर नाईक यांच्या क्लबात त्याला आधार मिळाला, पुढे चेन्नईच्या वेगवान गोलंदाजांच्या शाळेत तो घडला, आणि २००० साली भारताकडून खेळला. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी मिळविले. हा मुलगा घर सोडून गेला म्हणून सापडला. जो जाऊ शकला नाही, त्याचे नाव आपणांस ठाऊक असण्याचे कारणच नाही.

ही उणीव ओळखून क्रिकेट नियामक मंडळाने २००२ साली लहान गावांतील गुणी मुले शोधण्यासाठी एक स्वतंत्र विभाग काढला. कल्पना मकरंद वायंगणकर या मराठी क्रीडापत्रकाराची. प्रमुख दिलीप वेंगसरकर. विभागाचे निरीक्षक प्रकाश पोद्दार व राजू मुखर्जी यांनी जमशेदपूरच्या एका सामन्यात झारखंडचा यष्टिरक्षक महेंद्रसिंह धोनी पाहिला आणि त्याची शिफारस केली. धोनीचे वय विभागाच्या मर्यादेपलीकडे गेले होते, तरी त्याच्यासाठी नियम सैल करण्यात आला. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. तेथे यंत्र नव्हते. दोन जाणती माणसे आणि एक वही होती. ती माणसे गावी गेली, एवढेच महत्त्वाचे. तो विभाग मात्र काही वर्षांतच गुंडाळला गेला.

उलट, केवळ यंत्र घेऊन गावी आल्याने काय होते, याचाही दाखला आहे. २००८ साली एका अमेरिकन व्यावसायिकाने भारतात बेसबॉलचा चेंडू वेगाने फेकण्याची स्पर्धा भरविली. वेग मोजण्याचे उपकरण हीच कसोटी. तीस हजारांहून अधिक मुले आली. त्यांतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग व दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू निवडले गेले. बेसबॉल त्यांनी पूर्वी खेळलेलाही नव्हता. वर्षअखेरीस पिट्सबर्गच्या संघाने त्यांच्याशी करार केला आणि २००९ साली ते उमेदवारांच्या सामन्यांत उतरले. एरव्ही कोणी ढुंकूनही पाहिले नसते अशा दोन खेड्यांतल्या मुलांना उपकरणाने समुद्रापार नेले, हे त्याचे यश. पण मुख्य संघापर्यंत दोघांपैकी कोणीही पोचला नाही. वेग हा एक गुण झाला. बाकीची विद्या लहानपणापासून मैदानावर शिकावी लागते, आणि ते मैदान त्यांच्या गावी नव्हते.

आता खानदेशाकडे पाहू. गुण आपल्या मातीत उपजतो आणि नोंदीवाचून जातो, हे आपल्याला नवे नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी सोपानदेवांनी व नातलगांनी वेळोवेळी टिपून ठेवली, म्हणून १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्यानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने महाराष्ट्राच्या हाती आली. टिपून घेणारा हात घरात नसता तर गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती. धुळ्याला तर नोंदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. इतिहासाचार्य राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांत छापली. त्यांसाठी कागद आपण होऊन त्यांच्या दारी आले नाहीत. वाडे, देवळे आणि अडगळीच्या खोल्या धुंडाळीत तेच गावोगाव हिंडले. १९२६ च्या अखेरीस त्यांनी धुळ्यातच देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांचे दप्तर सांभाळण्यास तेथे संशोधन मंडळ उभे राहिले.

खेळाच्या बाबतीत हीच रीत चालवावी, एवढेच आमचे म्हणणे. शाळांच्या आणि तालुक्यांच्या सामन्यांच्या धाववह्या आज हंगाम संपला की रद्दीत जातात. त्या जिल्ह्याच्या ठिकाणी जपून ठेवाव्यात. चेंडूचा वेग मोजण्याचे साधे उपकरण आता एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा तालीम संघाच्या आवाक्याबाहेरचे नाही. ते एकाच मैदानावर न ठेवता शिरपूर, साक्री, चोपडा, जामनेर असे फिरवावे. क्रिकेटइतकीच सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळणाऱ्या मुलामुलींची मोजणी व्हावी. हे काम पंडितांचेच आहे असेही नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या आकड्यांचे शास्त्र ज्याने रुजविले, तो बिल जेम्स एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. १९७७ साली आपले पहिले पुस्तक त्याने स्वखर्चाने छापले. हिशेबाची आवड असलेला एखादा शिक्षक वा पेढीवरचा कारकून आपल्याकडेही हे करू शकेल.

आकड्याला सर्वज्ञ मानू नये, आणि नजरेला निर्दोष मानू नये. दोहोंनी एकमेकांवर पहारा ठेवावा. पण त्याही आधी पाहणाऱ्याने आणि मोजणाऱ्याने उठून तापीकाठच्या गावांत जावे. मुलगा मुंबई-पुण्यास पोचल्यावर त्याला ओळखणे सोपे आहे. तो साक्रीच्या माळावर चेंडू टाकीत असताना ओळखला गेला, तर ती खरी पारख.